‘मैत्री’ क्लिनिक : ऊसतोड तालुक्यातील किशोरवयीनांच्या आरोग्यसेवेविषयी

ग्रामीण रुग्णालयात चालणारे ‘मैत्री’ क्लिनिक ही १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठीची मोफत सेवा आहे. तेथे समुपदेशनाच्या खुर्चीवर बसणारी व्यक्ती चांगली असेल तर ही सेवा एखाद्या मुलीचे पुढचे सगळे आयुष्य सावरू शकते, आणि ती खुर्ची रिकामी असेल तर दारावरच्या पाटीपलीकडे तिथे काही उरत नाही. मराठवाड्यातील एका ऊसतोड तालुक्यात, आईवडील कारखान्यावर गेल्यानंतर गावात मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाच्या कामाशी मी बरीच वर्षे जोडलेली आहे. या मुलामुलींना घेऊन मी जवळच्या एका ग्रामीण रुग्णालयातील मैत्री क्लिनिकमध्ये वारंवार गेले आहे, समुपदेशक बदलताना पाहिले आहेत, आणि त्या सेवेचे गावातील टोक असलेल्या ‘साथिया’ म्हणजे समवयस्क शिक्षक मुलामुलींबरोबरही काम केले आहे. या सेवेबद्दल पालकांना, शिक्षकांना आणि अंगणवाडी ताईंना फार थोडे ठाऊक असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ वयोगटात सुमारे २५.३ कोटी मुलेमुली होती, आणि आरोग्य यंत्रणेचे लक्ष बाळ आणि बाळंतीण यांच्यावर असल्यामुळे हा मधला वयोगट तिच्या नजरेतून बहुतांशी सुटत होता. कार्यक्रमात पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा व इजा, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय ठेवले गेले. किशोरवयीनांसाठी रुग्णालयात स्वतंत्र क्लिनिक असावे ही कल्पना मात्र त्याआधीची आहे, आणि महाराष्ट्रात या क्लिनिकना ‘मैत्री’ हे नाव मिळाले. जुने कर्मचारी अजूनही त्याला ‘अर्श’ (किशोरवयीन प्रजनन व लैंगिक आरोग्य या अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) म्हणतात, त्यामुळे चौकशीच्या खिडकीवर एका नावाने समजले नाही तर दुसऱ्या नावाने विचारावे.

आमच्या तालुक्यात या सेवेचे मोल किती आहे ते ऊसतोडीचे अर्थकारण पाहिल्याशिवाय कळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत निम्मे गाव पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जाते. मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला मिळणारी उचल जोडीच्या मानाने तुटपुंजी असते, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकले जाते. मुलीच्या बाजूने पाहिले तर वयात आलेली पोर पाचट-पालांच्या वस्तीवर सोबत नेणे आईला धोक्याचे वाटते आणि गावात एकटी ठेवणे त्याहूनही धोक्याचे वाटते, त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचे हात पिवळे होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. त्याच सर्वेक्षणात राज्यातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, आणि संपूर्ण देशासाठी हा आकडा ६.८ टक्के होता. महाराष्ट्र स्वतःला पुढारलेले राज्य म्हणवतो, पण या एका बाबतीत तो देशाच्या सरासरीच्याही मागे आहे, हे कुणीतरी ठामपणे बोलायला हवे.

म्हणजे आमच्याकडे किशोरवयीन गर्भारपण रोखणे हे बहुतेक वेळा लग्न पुढे ढकलण्याचे आणि लग्न झालेच असेल तर पहिले मूल पुढे ढकलण्याचे काम आहे. प्रेमप्रकरणातून राहिलेले दिवस हा त्यातला लहान भाग आहे, पण गावातली सगळी कुजबूज नेमकी त्याच्याभोवती फिरते, आणि मोठा भाग हळदी-कुंकवाने झाकला जातो.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते. रुग्णालयात शिरल्यावर प्रथम केसपेपर काढावा लागतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत झाल्यामुळे मुलीच्या हातात दहा-वीस रुपये आहेत की नाहीत हा प्रश्न मिटला. खरी अडचण केसपेपरच्या रांगेत असते. खिडकीमागचा माणूस नाव, गाव, वय विचारतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘काय होतंय?’ म्हणून विचारतो. मागे गावातलाच कुणी काका उभा असतो. या एका प्रश्नाने कितीतरी मुली ‘डोकं दुखतंय’ असे सांगून सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात जातात आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत येतात. माझ्या पाहण्यातील एका चांगल्या समुपदेशक ताईंनी यावर साधा उपाय काढला होता. शाळाभेटीच्या वेळी त्या मुलींना सांगून ठेवत, ‘खिडकीवर फक्त मैत्री म्हणायचं, पुढचं माझ्यापाशी बोलायचं.’ खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही त्यांनी समजावून ठेवले होते. त्यासाठी ना निधी लागला ना शासन निर्णय, पण मुली खोलीपर्यंत पोहोचू लागल्या.

खोली कशी आहे यावर फार काही अवलंबून असते. मार्गदर्शक सूचनांनुसार खोलीत बोलणे बाहेर ऐकू जाऊ नये आणि आत चाललेले बाहेरून दिसू नये. आम्ही जातो त्या ठिकाणी पूर्वी हीच खोली लसीकरणाच्या दिवशी सामान ठेवायला वापरत, आणि बोलणे ऐन रंगात आले असताना कुणीतरी शीतपेटी घ्यायला आत येई. पुढे दाराला आतून कडी आणि खिडकीला पडदा लागला, आणि मुलींच्या बोलण्यात लगेच फरक पडला. ज्या रुग्णालय प्रमुखांच्या हातात हे आहे त्यांनी पोस्टर-स्पर्धेच्या आधी कडी आणि पडद्याकडे लक्ष द्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आत गेल्यावर उंची, वजन आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासले जाते. हा भाग वरवर किरकोळ वाटेल, पण तो अतिशय शहाणपणाने योजलेला आहे. देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे, त्यामुळे ‘रक्त तपासायला गेले होते’ हे कारण घरी सांगायला खरेही असते आणि सोयीचेही. आठवड्यातून एकदा घ्यायची लोहाची निळी गोळी, ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये, हे सगळे शांतपणे सांगितले जाते. शाळेत ही गोळी वाटली जाते तेव्हा मळमळ झालेल्या एका मुलीमुळे सारा वर्ग गोळी फेकून देतो. इथे समोर बसून सांगणारे कुणी असल्यामुळे ती खाल्ली जाण्याची शक्यता वाढते. आणि रक्ताबद्दल बोलता बोलता पाळीवर येणे, पाळीवरून पुढच्या प्रश्नांवर येणे मुलीला जड जात नाही.

मुलींचे प्रश्न बहुधा अंगावरून पांढरे जाण्यापासून सुरू होतात. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पाण्यासारखा किंवा अंड्यातील पांढऱ्या भागासारखा चिकट स्राव होणे हे शरीराचे नेहमीचे काम आहे, आणि खाज, दुर्गंधी, रंगात बदल किंवा ओटीपोटात दुखणे सोबत असेल तर तो संसर्ग असू शकतो, हा फरक आमच्या भागात मुलीला सांगणारे कुणी नसते. संसर्ग असेल तर वैद्यकीय अधिकारी तपासून हिरव्या पाकिटातले औषधांचे किट देतात, आणि मुलगी विवाहित असेल तर गरजेनुसार नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगतात. एवढ्या साध्या उपचाराकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत काय असते ते बीड जिल्ह्याने पाहिले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. लवकर लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे, पांढरे जाणे, कारखान्यावर आंघोळीलाही आडोसा नसणे, कामाचा खाडा झाला की दंड, आणि मग ‘पिशवी खराब झाली’ असे सांगणारा कुणी डॉक्टर, अशा वाटेने ही बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत येते. त्या वाटेच्या अगदी सुरुवातीला, सोळाव्या वर्षी, तिला मैत्री क्लिनिकची खोली दिसली असती तर काय झाले असते, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

मुलांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण या सेवेची एक मोठी उणीव तिथे आहे. मुलगे क्लिनिकमध्ये येतच नाहीत. पाटीवर मुलीचे चित्र, बाहेर बाकावर गरोदर बायका, आत बसलेली ताई, आणि शेजारी प्रसूती कक्ष, अशा ठिकाणी सतरा वर्षांचा मुलगा पाऊल टाकत नाही. वसतिगृहातील मुलांकडून कागदावर नाव न लिहिता प्रश्न मागवले की जे प्रश्न येतात ते वर्षानुवर्षे तेच असतात: झोपेत वीर्य गेले तर अशक्तपणा येतो का, धात गेल्याने पुढे मूल होणार नाही का, हाताने केल्याने अवयव वाकडा होतो का. मोबाइलवर पाहिलेल्या अश्लील चित्रफितींनी त्यांच्या डोक्यात जे भरवले आहे त्याची भीती आणि त्याची नक्कल दोन्ही या प्रश्नांत दिसते. मग बसस्थानकामागच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, नक्की इलाज’ असे रंगवणाऱ्या भोंदूकडे हीच मुले उचलीतले पैसे घेऊन जातात. झोपेत वीर्यस्खलन होणे हा आजार नाही आणि त्याला औषध लागत नाही, हे वाक्य एका विश्वासू पुरुष समुपदेशकाने गावातल्या पारावर सांगितले तर त्या भोंदूचे दुकान बसेल. ज्या काळात आमच्याकडे पुरुष समुपदेशक होते त्या काळात ते दर आठवड्याच्या गावभेटीत मुलांना व्यायामशाळेच्या मागे भेटत, आणि मुले बोलत. त्यांची बदली झाल्यावर मुलांसाठीची सेवा जवळजवळ थांबली.

गर्भनिरोधनाचा विषय या क्लिनिकच्या यादीत आहे, आणि निरोध, रोजच्या गोळ्या व तातडीची गोळी तिथे मिळते. तातडीची गोळी संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावी लागते. ती गर्भपाताची गोळी नाही, आणि ती नेहमीचे साधन म्हणून वापरायची नसते, या तीन गोष्टी आमच्या समुपदेशक ताई इतक्या सोप्या शब्दांत सांगत की लाजेने मान खाली घातलेल्या मुलीलाही त्या लक्षात राहत. पण अविवाहित मुलीने निरोध मागणे हे इथे अजूनही जवळजवळ अशक्य आहे, आणि कर्मचाऱ्याने तो न बोलता देणे तितकेच दुर्मीळ आहे. गावात आशाताईंकडे साधने असतात, परंतु त्यांचे काम पात्र जोडप्यांच्या नोंदवहीवर चालते, आणि अविवाहित मुलगी त्या वहीत नसते. परिणामी दिवस गेल्याचे लक्षात आल्यावर मुलगी किंवा तिची आई मेडिकलमधून कुणा मध्यस्थामार्फत पोट पाडण्याच्या गोळ्या आणते, किती आठवडे झाले हे न पाहता त्या दिल्या जातात, आणि रक्तस्राव थांबेना की मगच रुग्णालय आठवते. कायदेशीर, सुरक्षित गर्भपाताची सोय आहे, १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडित व अल्पवयीन मुलींसह काही गटांसाठी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढली आहे, ही माहिती क्लिनिकच्या भिंतीवर मला कुठेही दिसली नाही. ती असायला हवी.

या ठिकाणी कायद्याचा प्रश्न येतो, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधाला असलेली संमती कायद्याला मान्य नाही. अशा संबंधाची माहिती मिळालेल्या व्यक्तीने कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ नुसार तिलाच शिक्षा होऊ शकते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कारच ठरवला. अत्याचार झालेल्या मुलीला हा कायदा खरे संरक्षण देतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सोळा वर्षांची, घरच्यांनी लग्न लावून दिलेली, तीन महिन्यांची गरोदर मुलगी जेव्हा नवऱ्याला अटक होईल या भीतीने नोंदणीच करत नाही, किंवा आधार कार्डावरचे वय लपवून ‘अठरा पूर्ण’ असे सांगते, तेव्हा तिची रक्तदाबाची तपासणी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन हे सगळे सुटते. किशोरवयातील गरोदरपणात रक्तक्षय, झटके येण्याचा धोका आणि कमी वजनाचे बाळ या तिन्हींची शक्यता जास्त असते, म्हणजे जिला तपासणीची सर्वाधिक गरज आहे तीच तपासणीपासून सर्वांत लांब राहते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यावर अंशतः मार्ग दाखवला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना द्यायच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या निकालाची माहिती मी ज्यांना ज्यांना विचारली त्या तालुका पातळीवरच्या कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना नव्हती. समुपदेशकांच्या प्रशिक्षणात हा निकाल समजावून सांगितला जावा आणि गोपनीयतेची मर्यादा मुलीला बोलणे सुरू करण्यापूर्वीच प्रामाणिकपणे सांगितली जावी. ‘तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही’ असे सरसकट आश्वासन देणे आणि नंतर पोलीस दारात येणे, यासारखा विश्वासघात दुसरा नाही.

क्लिनिकचे गावातील टोक म्हणजे समवयस्क शिक्षक, ज्यांना ‘साथिया’ म्हणतात. हजार लोकवस्तीमागे दोन मुलगे व दोन मुली निवडायच्या, त्यांना प्रशिक्षण द्यायचे, आणि त्यांनी आपल्या वयाच्या मुलामुलींचा गट जमवून बोलायचे, अशी ही रचना आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्यासाठी आरोग्य मंत्रालयाने जो संच काढला त्यात खेळ, प्रश्नोत्तरांची पुस्तिका आणि दैनंदिनी आहे. मुलाला रडू आले तर त्यात कमीपणा नाही, मुलगी नाही म्हणाली तर तिथेच थांबायचे, अशा गोष्टी सरकारी छापील साहित्यात इतक्या सरळपणे आलेल्या पाहून मला फार बरे वाटले होते. मुली जमतात तिथे हे गट छान चालतात. आमच्या एका वस्तीवरील साथिया मुलीने मंगळवारच्या बैठकीत आपल्या मैत्रिणीचे लग्न ठरल्याचे ऐकले, तिने अंगणवाडी ताईंना सांगितले, आणि त्यांनी ग्रामसेवकांना कळवले. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या साहाय्यक असतात. मुलीच्या वडिलांशी दोघांनी शांतपणे बोलून लग्न दोन वर्षे पुढे ढकलले. वडिलांचे म्हणणे एवढेच होते की ‘पोरीला ठेवू कुठं?’ आणि त्याचे उत्तर भाषण नव्हते, वसतिगृहातील एक जागा होती. साथियांना मानधन नसते, वयाची १९ वर्षे झाली की ती बाहेर पडतात, आणि नवी निवड वेळेवर होत नाही. त्यातच त्यांपैकी निम्मी मुले स्वतःच हंगामात आईवडिलांबरोबर जातात, आणि नोव्हेंबरपासून गट बंद पडतो.

याच मराठवाड्यात याहून सखोल काम झालेले आहे, म्हणून तुलना करणे न्याय्य ठरेल. पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग सुरू केला. संध्याकाळी रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बाईने घ्यायचा, असा तो वर्ग होता. कार्यक्रमाच्या गावांत १९९७ ते २००१ या काळात मुलींच्या लग्नाचे मध्यम वय १६ वरून १७ वर गेले. एक वर्ष म्हणजे थोडेच, असे वाटणाऱ्याने सोळाव्या आणि सतराव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुलींचे शरीर शेजारी ठेवून पाहावे. त्या वर्गाचे बळ रोजच्या भेटीत होते, आणि मैत्री क्लिनिककडे नेमके तेच नाही. मुलगी वर्षातून एकदा, फार तर दोनदा येते. शाळेने ही पोकळी भरून काढली असती, परंतु २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणाला मनाई केली, आणि त्यानंतर शिक्षकांच्या मनात बसलेला धाक अजून गेलेला नाही. पुनरुत्पादनाचा धडा ‘घरी वाचून या’ असे सांगणारे विज्ञान शिक्षक मी आजही पाहते. ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्या राज्यात शंभर वर्षांनंतर ही स्थिती असावी, याचे मला मनस्वी दुःख होते.

लग्न झालेल्या किशोरवयीन मुलींसाठी ही सेवा सध्या ज्या पद्धतीने चालते ती मला अपुरी वाटते. समुपदेशक त्यांना ‘आता तुमचं आशाताई बघतील’ म्हणून पुढे पाठवतात, आणि आशाताई सासूशी बोलतात. सासूला पहिल्या वर्षात नातू हवा असतो. पण नवरा-बायको दोघे एकत्र आले तर चित्र बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आठवड्याला एक घ्यायची संप्रेरकविरहित ‘छाया’ गोळी, जी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची असते, आणि तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, ही दोन्ही साधने सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. कारखान्यावर सहा महिने राहणाऱ्या जोडप्यासाठी ती विशेष सोयीची ठरू शकतात, अर्थात मुलीच्या वयाला आणि प्रकृतीला कोणते चालेल ते डॉक्टरांनीच ठरवायचे. निघण्यापूर्वी घेतलेल्या अंतराचा पुढचा डोस मात्र जानेवारीत येतो, आणि तेव्हा जोडपे सांगली-कोल्हापूरकडे कुठल्यातरी फडात असते. तिथल्या आरोग्य केंद्रात त्यांचे कार्ड दाखवून इंजेक्शन मिळायला हवे, आणि मिळू शकते, पण ते सांगणारे पत्र इथून निघताना कुणी हातात देत नाही. स्थलांतरितांच्या बाबतीत सेवा तालुक्याच्या सीमेवर संपते. माझ्या दृष्टीने ही तिची सर्वांत गंभीर, आणि दुरुस्त करायला सर्वांत सोपी उणीव आहे.

इतक्या उणिवा सांगूनही मी मुलामुलींना तिथे नेते आणि इतरांनीही न्यावे असे आग्रहाने सांगते, कारण तालुक्यात दुसरी अशी जागा नाही जिथे सोळा वर्षांच्या मुलीला कुणी पैसे न मागता, न रागावता, खुर्चीवर बसवून ‘बोल बाळा’ म्हणते. आम्ही नेतो त्या मुलींपैकी बऱ्याच पुढच्या वेळी आपणहून, मैत्रिणीला सोबत घेऊन जातात.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. समुपदेशक आठवड्यातील काही दिवस शाळा-वस्त्यांच्या भेटींवर असतात, त्यामुळे ते कोणत्या दिवशी रुग्णालयात असतात हे आशाताईंमार्फत आधी विचारून घ्यावे. दुपारनंतर बाह्यरुग्ण विभागाची गर्दी ओसरते, तेव्हा गेल्यास निवांत बोलता येते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी सप्टेंबरमध्येच जाऊन यावे, हिमोग्लोबिनचा आकडा आणि चालू औषधे किंवा साधन यांची नोंद केसपेपरवर करून घ्यावी आणि तो कागद फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा. मुलीबरोबर आई आली तर उत्तम, परंतु समुपदेशकाने मुलीशी थोडा वेळ एकटीने बोलायचे म्हटले तर आईने वाईट वाटून न घेता बाहेर बसावे. मुलग्यांना नेताना दोघे-तिघे मित्र एकत्र न्यावेत. क्लिनिक बंद असेल किंवा रात्रीची वेळ असेल तर आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ आणि मुलीचे लग्न बळजबरीने लावले जात असेल किंवा तिच्यावर अत्याचार होत असेल तर १०९८ हे क्रमांक फिरवावेत. आणि समुपदेशकाचे पद रिकामे असल्याचे आढळले तर ग्रामसभेत तसा ठराव घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवावा. आमच्याकडे पद भरले गेले ते दोन गावांच्या अशा ठरावांनंतरच.